इंट्राओरल कॅमेरा मध्येच बंद पडतो, काळा पडदा दाखवतो: क्रमाने करायची तपासणी

यूएसबी केबलने विंडोज १० किंवा ११ च्या संगणकाला जोडलेला इंट्राओरल कॅमेरा (दंतवैद्य तोंडाच्या आतलं चित्र घेतात तो छोटा कॅमेरा; त्याचा हातात धरायचा भाग म्हणजे हँडपीस) धरून हे लिहिलं आहे. ऑपरेटिंग सिस्टिम दुसरी असेल तर मेनूंची नावं बदलतील. केबल, पोर्ट आणि विजेचा भाग जसाच्या तसा लागू पडेल.

लक्षणं

- हँडपीसच्या टोकाचे पांढरे एलईडी लागतात, पण पडद्यावर काहीच नाही. सॉफ्टवेअर म्हणतं कॅमेरा जोडलेला नाही.
- सुरुवातीला चित्र छान येतं. पाच-दहा मिनिटांनी गोठतं किंवा काळं होतं. केबल काढून पुन्हा घातली की चालतं, आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच.
- खुर्ची वर-खाली केली, स्केलर (दात साफ करायचं यंत्र) सुरू केला, कॉम्प्रेसर लागला किंवा हात जरा वळवला की चित्र जातं.
- दातांऐवजी संगणकासमोर बसलेल्या माणसाचा चेहरा दिसतो.
- चित्र येतं, पण हँडपीसवरचं बटण दाबूनही फोटो निघत नाही.
- चित्र धुरकट, तुटक किंवा आडव्या पट्ट्यांचं येतं.

पहिल्या तीन लक्षणांमागे बहुतेक वेळा केबल, पोर्ट किंवा अपुरी वीज असते. चौथं आणि पाचवं सेटिंगचं काम. सहाव्यात पुष्कळदा बिघाड नसतोच.

हात लावण्याआधी संगणकाचा स्पीकर चालू करून ठेवा. चित्र जातं त्या क्षणी विंडोजचा उपकरण निघाल्याचा आवाज येतो का, एवढंच ऐका. आवाज आला तर यूएसबीची जोडणीच तुटली आहे. केबल, पोर्ट, वीज तपासायची, सॉफ्टवेअरकडे बघायचंही नाही. आवाज न येता चित्र गोठलं तर जोडणी शाबूत आहे आणि घोळ सॉफ्टवेअर, ड्रायव्हर (विंडोजला कॅमेरा चालवू देणारा छोटा प्रोग्राम) किंवा परवानग्यांमध्ये आहे. या एका निरीक्षणाने निम्मी तपासणी वाचते. तरी बहुतेक ठिकाणी सुरुवात होते ती ड्रायव्हर काढून पुन्हा टाकण्यापासून, म्हणजे उलट्या टोकापासून.

आधी काय करू नका

पेशंट खुर्चीत असताना ही तपासणी करू नका. दाताच्या नोंदींचं सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल करू नका. पेशंटच्या प्रतिमा आणि माहिती त्याच फोल्डरमध्ये असू शकते, आणि बॅकअपशिवाय केलेलं अनइन्स्टॉल कॅमेऱ्याच्या बिघाडापेक्षा कितीतरी महाग पडतं. सॉफ्टवेअरमधल्या कॅमेऱ्याच्या सेटिंगच्या पानाचा एक स्क्रीनशॉट काढून ठेवा. आणि कॅमेरा सध्या कुठल्या पोर्टमध्ये आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढा. ते पुढे लागणार आहे.

दिवा लागला म्हणजे कॅमेरा चालू, असं नाही

यूएसबी २.० च्या केबलमध्ये चार तारा असतात: लाल तारेतून ५ व्होल्ट, काळी तार परतीची, आणि हिरव्या-पांढऱ्या जोडीतून चित्राची माहिती. एलईडीला फक्त लाल आणि काळी तार पुरते. हिरवी किंवा पांढरी तार हँडपीसच्या मानेपाशी, म्हणजे केबल आत शिरते तिथे, तुटली असली तरी दिवे झगझगीत लागतात.

दुसरं, पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट पुरतात. त्यामुळे लांब केबलमुळे ५ चे ४.२ व्होल्ट उरले तरी दिवे लागलेलेच राहतात, आणि आतली चित्र पाठवणारी चिप मात्र पुरेसा दाब नसल्यामुळे रीसेट होत राहते. "लाइट येतोय, म्हणजे कॅमेरा ठीक आहे, संगणकच बिघडलाय" हा निष्कर्ष म्हणूनच फसवा आहे.

१. स्टँड, स्लीव्ह आणि बटण

काही कॅमेऱ्यांचा स्टँड हाच स्विच असतो. हँडपीस उचलला की कॅमेरा जागा होतो, परत ठेवला की झोपतो. स्टँडमधलं चुंबक हललं असेल किंवा हँडपीस दुसऱ्याच स्टँडमध्ये ठेवायची सवय लागली असेल, तर उचलूनही कॅमेरा झोपलेलाच राहतो. हँडपीस स्टँडपासून हातभर लांब नेऊन बघा. बटण जास्त वेळ दाबून चालू-बंद होणारे कॅमेरेही असतात, आणि घट्ट ओढलेल्या स्लीव्हमुळे (हँडपीसवरचं प्लास्टिकचं संरक्षक आवरण) ते बटण अर्धवट दाबलेलं राहू शकतं. स्लीव्ह काढून बघायला काहीच खर्च नाही.

२. रीस्टार्ट करा, शट डाउन नव्हे

विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर 'शट डाउन' केल्यावर सिस्टिमचा गाभा पूर्ण बंद होत नाही. त्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि सकाळी तीच उघडते. अडकलेला यूएसबी ड्रायव्हरही तसाच अडकलेला उघडतो. 'रीस्टार्ट' केल्यावर मात्र सगळं नव्याने सुरू होतं. म्हणून क्रम असा: कॅमेऱ्याची केबल काढा, रीस्टार्ट करा, डेस्कटॉप पूर्ण येऊन एक मिनिट जाऊ द्या, मग केबल घाला. रोज रात्री संगणक बंद करूनही आठवडाभर तोच त्रास चालू राहतो याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं.

३. मधलं सगळं काढा

सगळ्यात जास्त दोष इथे सापडतात, म्हणून इथे वेळ द्या.

कॅमेऱ्यापासून संगणकापर्यंतच्या वाटेत काय काय आहे ते मोजा: कॅमेऱ्याची स्वतःची केबल, खुर्चीतला यूएसबी सॉकेट, खुर्चीच्या खांबातून जमिनीखाली गेलेली वायर, एक्स्टेंशन, हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी पेटी), कदाचित मॉनिटरच्या बाजूचा पोर्ट. हे सगळं बाजूला ठेवा. कॅमेरा थेट संगणकाच्या मागच्या बाजूच्या, मदरबोर्डवरच्या पोर्टमध्ये लावा. पुढच्या बाजूचे पोर्ट कॅबिनेटच्या आतल्या एका पातळ केबलने मदरबोर्डला जोडलेले असतात. चाचणीसाठी ते टाळा. केबल पुरत नसेल तर एखादा लॅपटॉप खुर्चीपाशी आणा आणि त्याला थेट लावा.

आता विंडोजचं साधं 'कॅमेरा' ॲप उघडा आणि चित्र वीस मिनिटं चालू ठेवा. दोन मिनिटांची चाचणी कामाची नाही. कॅमेरा गरम झाल्यावर येणारे दोष तेवढ्यात दिसत नाहीत. वीस मिनिटं चित्र टिकलं तर कॅमेरा आणि त्याची केबल ठीक आहे, दोष मधल्या वाटेत आहे.

मधली वाट का बिघडते त्याचं गणित सोपं आहे. यूएसबी २.० मध्ये एका सलग केबलची मर्यादा ५ मीटर. हँडपीसची अडीच मीटर केबल आणि तिला पाच मीटरचं साधं एक्स्टेंशन जोडलं की मर्यादा ओलांडली. शिवाय विजेचा दाब पडतो. स्वस्त एक्स्टेंशनमधल्या वीजवाहक ताराही २८ एडब्ल्यूजीच्या असतात (एडब्ल्यूजी म्हणजे तारेच्या जाडीचं माप). अशा तारेचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम. पाच मीटर जाणं आणि पाच मीटर येणं मिळून दहा मीटर, म्हणजे २.१ ओहम. कॅमेरा ४०० मिलिअँपिअर घेत असेल तर फक्त एक्स्टेंशनमध्येच ०.८५ व्होल्ट गेले. ५ चे ४.१५ राहिले, आणि ४.४ च्या खाली गेल्यावर यूएसबी उपकरण नीट चालेल याची हमी नाही. हीच वीजवाहक तार २४ एडब्ल्यूजीची असेल तर घट जेमतेम ०.३५ व्होल्ट होते. चांगल्या केबलच्या कव्हरवर हे छापलेलं असतं: '२८एडब्ल्यूजी/१पी' म्हणजे माहितीची जोडी, '२४एडब्ल्यूजी/२सी' म्हणजे विजेच्या दोन तारा. दुसरा आकडा बघून केबल घ्या. एडब्ल्यूजीचा आकडा जितका लहान तितकी तार जाड.

हबचंही तसंच. स्वतःचा ॲडॉप्टर नसलेला यूएसबी २.० हब नियमाप्रमाणे प्रत्येक पोर्टला १०० मिलिअँपिअरच देऊ शकतो, तर संगणकाचा यूएसबी २.० पोर्ट ५०० आणि यूएसबी ३ पोर्ट ९०० मिलिअँपिअर देतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधली जोडलेल्या उपकरणांची यादी) हबच्या प्रॉपर्टीजमध्ये 'पॉवर' टॅब दिसत असेल, तर कॅमेरा किती मिलिअँपिअर मागतो तेही तिथे वाचता येतं.

उपाय खर्चाच्या क्रमाने असे:

संगणक खुर्चीजवळ सरकवता आला तर सर्वांत उत्तम. ते शक्य नसेल तर ॲडॉप्टरवर चालणारा हब खुर्चीच्या बाजूला ठेवा, आणि संगणकापासून हबपर्यंत पाच मीटरच्या आतली जाड तारेची केबल टाका. त्याहून लांब अंतरासाठी रिपीटर चिप असलेली ॲक्टिव्ह केबल लागते. तिलाही शक्यतो बाहेरून वीज देता येणारी घ्या. दोन साधी एक्स्टेंशन एकमेकांना जोडणं हा उपाय नाही. ते एखाद्या दिवशी चालतं, आणि म्हणूनच जास्त त्रासदायक ठरतं.

खुर्चीच्या आतून गेलेली वायर हा वेगळाच विषय. खुर्ची वर-खाली होताना ती दर वेळी वाकते, आणि तिच्यालगत मोटरची वायर असते. थेट जोडणी चालते पण खुर्चीच्या सॉकेटमधून चालत नाही, हे नक्की झालं की तपासणी तिथेच थांबवा. पर्यायी केबल बाहेरून, जमिनीवर पट्टीखाली टाका किंवा खुर्चीच्या तंत्रज्ञाला बोलवा.

४. केबल हलवून बघणे

थेट जोडणीतही चित्र जात असेल तर केबल तपासा. चित्र चालू ठेवून हँडपीस टेबलावर आडवा ठेवा, म्हणजे हात हलल्यामुळे काय झालं आणि केबलमुळे काय झालं यात गल्लत होणार नाही. हँडपीसच्या मानेपासून सुरू करा. दोन-दोन सेंटिमीटर पुढे सरकत केबल हलकेच वाकवा, प्रत्येक जागी दोन्ही दिशांनी. मग प्लगपाशी तेच. मधल्या भागात खुर्चीचं चाक किंवा स्टूल गेल्याच्या खुणा शोधा. तारा तुटतात त्या मुख्यतः दोन जागी: मानेपाशी आणि प्लगपाशी.

केबल वेगळी होणारी असेल तर बदलून बघणं हाच सर्वांत स्वस्त निकाल. मात्र दोन गोष्टी सांभाळा. मोबाइल चार्जिंगच्या काही केबलींमध्ये माहितीच्या तारा नसतातच. त्या लावल्या तर दिवे लागतील आणि चित्र कधीच येणार नाही. आणि काही कॅमेऱ्यांचं टोक नेहमीच्या यूएसबीसारखं दिसलं तरी पिनांची जोडणी कंपनीची स्वतःची असते. टोक सहज बसत नसेल तर जोर लावू नका.

तुटलेल्या जागी चिकटपट्टी गुंडाळून काही दिवस निघतात, पण तुटक्या तारा आत एकमेकींना टेकल्या तर पोर्टही जाऊ शकतो. शिवाय चिकटपट्टीचा पृष्ठभाग नीट निर्जंतुक करता येत नाही. पेशंटच्या तोंडाजवळ जाणाऱ्या वस्तूवर ती नकोच. केबल हँडपीसभोवती घट्ट गुंडाळून ठेवायची सवय मोडा. वितभर व्यासाचं सैल वेटोळं पुरे.

५. सॉफ्टवेअर वेगळं, कॅमेरा वेगळा

आता आवाज न येता गोठणाऱ्या चित्राकडे. विंडोजच्या 'कॅमेरा' ॲपमध्ये चित्र येतं आणि दाताच्या सॉफ्टवेअरमध्ये येत नाही, असं असेल तर कॅमेरा, केबल, पोर्ट सगळं निर्दोष आहे. उरलेल्या शक्यता मोजक्या:

कॅमेरा दुसऱ्याच प्रोग्रामने धरून ठेवलाय. साधारणपणे एका वेळी एकच प्रोग्राम कॅमेरा वापरू शकतो. व्हिडिओ मीटिंगचं ॲप, ब्राउझरचा एखादा टॅब, किंवा चाचणीसाठी तुम्हीच उघडून ठेवलेलं 'कॅमेरा' ॲप. बंद करा. खिडकी बंद करूनही प्रोग्राम मागे चालू राहतो, म्हणून टास्क मॅनेजरमध्ये बघा.

परवानगी बंद आहे. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, कॅमेरा. विंडोज १० मध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी, कॅमेरा. वरची मुख्य परवानगी चालू हवी, आणि त्याच पानावर खाली 'लेट डेस्कटॉप ॲप्स ॲक्सेस युवर कॅमेरा' हेही चालू हवं. दुसरं विसरलं जातं, कारण दाताचं सॉफ्टवेअर वरच्या यादीत नावाने दिसत नाही. ते या खालच्या गटात मोडतं. अँटिव्हायरसमध्ये वेबकॅम-संरक्षण नावाचा वेगळा भाग असू शकतो, तिथेही सॉफ्टवेअरला परवानगी द्या.

चुकीचा कॅमेरा निवडलाय. लॅपटॉपचा स्वतःचा वेबकॅम यादीत पहिला येतो आणि काही सॉफ्टवेअर न विचारता पहिलाच उघडतात. म्हणून चेहरा दिसतो. सेटिंगमध्ये नाव बदला. ते पुन्हा पुन्हा उलटत असेल आणि त्या संगणकावर वेबकॅमची गरज नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये वेबकॅमवर उजवं क्लिक करून 'डिसेबल डिव्हाइस' करा. 'अनइन्स्टॉल' नको, पुढच्या रीस्टार्टला तो परत हजर होतो.

रिमोट डेस्कटॉपने दुसऱ्या संगणकावरचं सॉफ्टवेअर वापरत असाल, तर खुर्चीपाशी लावलेला कॅमेरा तिकडे आपोआप दिसत नाही. त्याची वेगळी सोय लागते, आणि ती नेटवर्क बघणाऱ्याकडून करून घ्यावी.

६. वीज वाचवण्याची सेटिंग्ज

ठरावीक वेळ कॅमेरा न वापरता ठेवला की मग चित्र येत नाही, अशी तक्रार असेल तर इथे पाहा. विंडोज रिकामा वाटणारा यूएसबी पोर्ट झोपवतो, आणि काही कॅमेरे त्या झोपेतून नीट उठत नाहीत.

कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, चालू प्लॅनची ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज. तिथे 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' डिसेबल करा. लॅपटॉप असेल तर बॅटरी आणि वीज दोन्ही ओळींमध्ये. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'युनिव्हर्सल सीरियल बस कंट्रोलर्स' खालच्या प्रत्येक 'यूएसबी रूट हब'च्या पॉवर मॅनेजमेंट टॅबवरची, संगणकाला हे उपकरण बंद करू देणारी खूण काढा. काही नव्या लॅपटॉपवर यातला एखादा पर्याय दिसत नाही. मग जे दिसतं तेवढं करा. मोठ्या विंडोज अपडेटनंतर या खुणा परत लागलेल्या सापडू शकतात. बरा झालेला कॅमेरा अपडेटनंतर पुन्हा आजारी पडला तर पहिली नजर इथे टाका.

७. पोर्ट बदलत राहू नका

सुरुवातीला पोर्टचा फोटो काढायला सांगितलं ते यासाठी. पुष्कळ कॅमेऱ्यांच्या चिपमध्ये स्वतःचा वेगळा अनुक्रमांक नसतो. अशा उपकरणाची ओळख विंडोज पोर्टवरून ठेवतं. तोच कॅमेरा दुसऱ्या पोर्टमध्ये घातला की विंडोजच्या लेखी तो नवा कॅमेरा. दाताच्या सॉफ्टवेअरने मात्र जुन्याची ओळख जपलेली असते. मग "काल चालत होता, आज सापडत नाही" अशी तक्रार येते, आणि कारण असतं सफाई करताना काढलेली आणि दुसरीकडे घातलेली केबल.

एक पोर्ट ठरवा, त्यावर रंगीत ठिपका चिकटवा, तोच ठिपका प्लगवरही. जुन्या नोंदींचा ढीग झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरच्या 'व्ह्यू' मेनूतून 'शो हिडन डिव्हाइसेस' निवडा. फिक्या रंगातल्या कॅमेऱ्याच्या नोंदी म्हणजे आता न जोडलेली जुनी रूपं. फक्त कॅमेऱ्याच्या नावाच्या फिक्या नोंदी काढा. त्याच यादीत आरव्हीजी सेन्सर (दाताचा डिजिटल एक्स-रे घेणारा), प्रिंटर, सॉफ्टवेअरची डोंगल चावी (परवान्यासाठी लावलेला यूएसबी तुकडा) हेही असतात. त्यांना हात लावू नका.

८. डिव्हाइस मॅनेजर काय म्हणतो

कॅमेरा जोडलेला असताना 'कॅमेराज' आणि 'इमेजिंग डिव्हाइसेस' ही दोन्ही दालनं उघडा. पिवळं चिन्ह असेल तर नावावर दोनदा क्लिक करून कोड वाचा.

कोड २८: ड्रायव्हर नाही. कंपनीच्या पॅकेजमधला टाका. कोड १०: उपकरण सुरू होत नाहीये, ड्रायव्हर चुकीचा किंवा वीज अपुरी. कोड ४३: उपकरणानेच बिघाड कळवला म्हणून विंडोजने ते थांबवलं. 'अननोन यूएसबी डिव्हाइस, डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड' असं दिसलं तर विंडोजने कॅमेऱ्याला नाव विचारलं आणि उत्तर धड आलं नाही. शेवटच्या दोन्हींमध्ये माहितीच्या तारांचा संशय घ्या, म्हणजे परत तपासणी ३ आणि ४. नाव पूर्ण आणि चिन्ह स्वच्छ असूनही चित्र नसेल तर पुढे चला.

९. ड्रायव्हर आणि बटण

अलीकडचे बरेचसे कॅमेरे यूव्हीसी प्रकारचे असतात, म्हणजे विंडोजमधल्याच ड्रायव्हरवर चालतात. त्यांचं चित्र वेगळं काही न टाकता यायला हवं. मग कंपनीची सीडी किंवा डाउनलोड कशासाठी? बटणासाठी. चित्र एका वाटेने येतं आणि बटणाचा इशारा दुसऱ्या. काही कॅमेऱ्यांत तो कीबोर्डच्या एखाद्या कळीसारखा जातो, काहींत कंपनीच्या छोट्या प्रोग्रामकडे, जो तो सॉफ्टवेअरपर्यंत पोचवतो. तो प्रोग्राम चालू नसेल तर चित्र उत्तम आणि बटण मुकं.

कळीच्या प्रकारातली एक गंमत: सॉफ्टवेअरची खिडकी समोर निवडलेली नसेल तर कळ भलत्याच प्रोग्रामला जाते. चित्राच्या खिडकीवर एकदा माउसने क्लिक करून मग बटण दाबा. पुष्कळ 'बिघडलेल्या' बटणांचा इलाज इतकाच आहे. उरलेल्यांसाठी नोटपॅड उघडून बटण दाबा. काही अक्षर उमटलं तर बटण कळीच्या प्रकारचं आहे आणि सॉफ्टवेअरमध्ये तीच कळ फोटोसाठी नेमायला हवी. काहीच उमटलं नाही म्हणून बटण मेलं असं समजू नका. एफ मालिकेतल्या कळी नोटपॅडमध्ये अक्षर उमटवत नाहीत.

सॉफ्टवेअर कॅमेरा ट्वेनमार्गे (स्कॅनर-कॅमेऱ्यातून प्रतिमा सॉफ्टवेअरमध्ये घेण्याची एक पद्धत) घेत असेल तर ३२ आणि ६४ बिटचा मेळ बघा. ३२ बिटच्या सॉफ्टवेअरला ६४ बिटचा ट्वेन ड्रायव्हर दिसतच नाही, आणि उलटही. नव्या संगणकावर स्थलांतर केल्यावर कॅमेरा यादीतून गायब होतो त्याचं हे नेहमीचं कारण. दोन्ही प्रकारचे ड्रायव्हर एकत्र राहू शकतात.

विंडोज अपडेटनंतर बिघाड सुरू झाला असेल तर कॅमेऱ्याच्या प्रॉपर्टीजमध्ये ड्रायव्हर टॅबवर 'रोल बॅक ड्रायव्हर' दाबा. ते फिकं दिसत असेल तर कॅमेरा काढा, कंपनीचं पॅकेज ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, रीस्टार्ट करा, आणि सूचना मिळेल तेव्हाच कॅमेरा लावा. ड्रायव्हर शोधून देणारे फुकट प्रोग्राम क्लिनिकच्या संगणकावर कधीच नकोत.

१०. रिझोल्यूशनची मागणी जास्त

कॅमेरा यादीत दिसतो, निवडला की पडदा काळा. किंवा चित्र येतं पण अडखळत. १२८० बाय ७२० चं न दाबलेलं चित्र, एका बिंदूला २ बाइट आणि सेकंदाला ३० चौकटी, म्हणजे सेकंदाला ५५ मेगाबाइट होतात. यूएसबी २.० मध्ये एका व्हिडिओ प्रवाहासाठी जास्तीत जास्त सुमारे २४ मेगाबाइटची जागा राखता येते. ६४० बाय ४८० ला १८ मेगाबाइट लागतात, ते बसतात. म्हणून मोठ्या चित्रासाठी कॅमेरा ते एमजेपेग पद्धतीने दाबून पाठवतो. सॉफ्टवेअरमध्ये फॉरमॅट निवडता येत असेल तर एमजेपेग घ्या. येत नसेल तर रिझोल्यूशन एक पायरी खाली आणा. जागेचं आरक्षण चित्र उघडतानाच होतं. ती शिल्लक नसेल तर चित्र हळू येत नाही, येतच नाही. त्याच हबवर दुसरा वेबकॅम असेल तर तो वेगळ्या पोर्टवर हलवा.

यूएसबी २.० चा जुना कॅमेरा यूएसबी ३ पोर्टवर रुसत असेल तर मध्ये ॲडॉप्टरवाला यूएसबी २.० हब लावून पाहण्यासारखा आहे.

धुरकट चित्र, पट्ट्या, रंग

धुरकटपणा म्हणजे बहुधा वाफ. थंड टोक तोंडातल्या उबेत गेलं की काचेवर बाष्प धरतं. पेशंटला नाकाने श्वास घ्यायला सांगा, थ्री-वे सिरिंजने (खुर्चीवरची हवा-पाण्याची नळी) हलकी कोरडी हवा मारा. वाफ नसेल तर स्लीव्हची सुरकुती बघा. भिंगासमोरचा भाग ताणून सपाट हवा. स्लीव्हशिवाय टेबलावरच्या कागदावर चित्र स्पष्ट येत असेल तर दोष स्लीव्हचा. तरीही अस्पष्ट असेल तर फोकसची कडी किंवा बटण चेहऱ्याच्या अंतरावर राहिलं आहे का ते पाहा.

सरकत्या आडव्या पट्ट्या खोलीतल्या दिव्यांमुळे येतात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'पॉवर लाइन फ्रिक्वेन्सी' तुमच्या विजेप्रमाणे ५० किंवा ६० हर्ट्झ ठेवा. खुर्चीचा मोठा दिवा थेट भिंगावर पडू देऊ नका. रंग त्यानेच बिघडतात.

जुना ॲनालॉग कॅमेरा कॅप्चर बॉक्समधून जोडला असेल आणि चित्र कृष्णधवल येऊन वर-खाली गडगडत असेल, तर पाल आणि एनटीएससी या दोन व्हिडिओ प्रमाणांची अदलाबदल झाली आहे. कॅप्चरच्या सेटिंगमध्ये प्रमाण बदला.

११. खुर्ची, स्केलर, कॉम्प्रेसर

थेट जोडणी, चांगली केबल, सगळं करूनही ठरावीक यंत्र सुरू होताच चित्र जात असेल तर विद्युत हस्तक्षेप आहे. कोणतं यंत्र ते एकेक चालू करून नक्की करा. कॅमेऱ्याची केबल स्केलरच्या आणि मोटरच्या वायरींपासून दूर न्या. एकमेकांवरून जायचंच असेल तर काटकोनात जाऊ द्या, समांतर नको. संगणकाकडच्या टोकाला चिमट्याचा फेराइट मणी (विद्युत हस्तक्षेप दाबणारा, केबलवर बसणारा तुकडा) बसवा, केबलचा एक वेढा घेऊन. कॉम्प्रेसर आणि संगणक एकाच सॉकेटपट्टीवर असतील तर वेगळे करा. एवढ्याने गेलं नाही तर पुढचं काम अर्थिंगचं आहे, आणि ते इलेक्ट्रिशियनचं.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

पेशंटला किंवा तुम्हाला कॅमेरा धरताना झिणझिण्या आल्या, अगदी एकदाच आणि अगदी हलक्या आल्या, तरी पेशंटपासून कॅमेरा दूर करा आणि भिंतीवरचे स्विच बंद करा. साधा संगणक पेशंटच्या अंगाला लागणाऱ्या उपकरणाला जोडलेला असताना गळतीचा प्रवाह केबलमधून हँडपीसपर्यंत येऊ शकतो. वैद्यकीय विद्युत उपकरणांचं प्रमाण, आयईसी ६०६०१-१, पेशंटभोवतीचा दीड मीटरचा परिसर वेगळा धरतं तो यासाठीच. गळती मोजून घेतल्याशिवाय कॅमेरा पुन्हा लावू नका.

हँडपीस बोटांना पोळेल इतका गरम होतो, जळका वास येतो किंवा प्लग काळा पडलाय: केबल काढा, पुन्हा लावून बघू नका.

भिंगाच्या आत थेंब किंवा धुकं दिसतं जे पुसून जात नाही: द्रव आत गेलाय. जंतुनाशक थेट हँडपीसवर फवारल्याने हे होतं. ते कापडावर घेऊन पुसायचं असतं. निर्मात्याने स्पष्ट सांगितलं नसेल तर हँडपीस बुडवायचा नाही, ऑटोक्लेव्हमध्ये तर नाहीच. हेअर ड्रायरने सुकवून हँडपीस वाचत नाही. दुरुस्तीला पाठवा.

दोन वेगवेगळ्या संगणकांवर, थेट जोडणीत, चांगल्या केबलने कोड ४३ किंवा 'अननोन डिव्हाइस' येतो: हँडपीसमधलं सर्किट गेलंय. हँडपीस उघडू नका. तो चिकटवून बंद केलेला असतो, उघडला की भिंगाची जुळणी आणि पाणीरोधकता दोन्ही जातात, वॉरंटीही. खुर्चीचं खालचं झाकणही स्वतः काढू नका. आत मुख्य वीजपुरवठा असतो.

तंत्रज्ञाला फोन करताना या गोष्टी हाताशी ठेवा: कॅमेऱ्याचं मॉडेल, विंडोजची आवृत्ती, डिव्हाइस मॅनेजरमधला कोड, विंडोजचा आवाज येतो की नाही, 'कॅमेरा' ॲपमध्ये थेट जोडणीत चित्र किती मिनिटं टिकलं, आणि संगणकापर्यंतची केबल एकूण किती मीटर आहे. दुसऱ्या संगणकावर लावून पाहिलं असेल तर तेही सांगा. नाहीतर तो तुम्हाला आधी तेच करायला सांगेल.